अंगुस्तानाची टकटक

बेकरीवाला : इथे जिन्यात काय करतोयस? आत तुझं नाव पुकारतायत. बुद्धिबळ स्पर्धेत दुसरा नंबर! चल, कप घे.

शिंपी : नको. आधी ऐक. आपल्या डावात घोडा हलवल्यावर तू घड्याळ दाबलंच नव्हतंस.

बेकरीवाला : माहीत आहे. वेळ संपल्यावर कळलं. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय! पंधरा मिनिटांच्या डावात होतं असं.

शिंपी : मला तेव्हाच दिसलं होतं.

बेकरीवाला : तेव्हाच म्हणजे?

शिंपी : लगेच. तुझंच घड्याळ चालू राहिलं होतं, चार मिनिटं उरली होती. माझी खेळी ठरलेली, फक्त हत्ती उचलायचा. पण मी डोकं धरून बसलो. विचार करतोय असं सोंग केलं.

बेकरीवाला : चारही मिनिटं?

शिंपी : चारही.

बेकरीवाला : अरे, मला वाटलं गडी अडकला! घाम फुटला होता तुला. मीच उठून पाणी आणून दिलं.

शिंपी : तेही प्यालो. निर्लज्जासारखा.

(आतून टाळ्यांचा आवाज.)

शिंपी : सांगायचं बंधन नाही, नियमात बसतं, असं मनाला बजावत होतो. पण दर रविवारी माझ्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर, तू घड्याळ दाबायला विसरलास की बोटातल्या अंगुस्तानाने टकटक करतो ना मी? अकरा वर्षं करतोय. आज बोट उचललंच नाही. कधी नंबरात आलो नव्हतो रे. लेक बघायला आली होती. मोह झाला.

बेकरीवाला : बरोबरीचा डाव होता. कुणीही जिंकलं असतं.

शिंपी : म्हणून तर जास्त लाज वाटते. चल, पंचांना सांगू. कप तुझा.

बेकरीवाला : निकालावर दोघांच्या सह्या झाल्यात. आता पंच तरी काय करणार?

शिंपी : मग शिव्या तरी घाल! तू एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीस?

बेकरीवाला : कशाला पाहू? टकटक झाली नाही, म्हणजे दाबलंय असं धरून चाललो. समोर तू होतास.

शिंपी : चुकलो मी. फार चुकलो. रविवारी... येशील ना?

बेकरीवाला : येईन की. भट्टी आवरली की येतो.

शिंपी : नक्की?

बेकरीवाला : नक्की. फक्त घड्याळ माझ्या बाजूला ठेव. मला दिसेल असं.