जज्जसाहेबांच्या चपला

आमचे जज्जसाहेब रोज सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर अनवाणी चालतात. आम्हा वकिलांशी नमस्कारापलीकडे एक शब्द नाही. परवा काठावरच्या त्यांच्या चपला लाटेने ओढल्या. मी गुडघाभर पाण्यात शिरून त्या आणल्या, तर साहेब मागे सरकले.

"वकीलसाहेब, आज तुमचा दावा माझ्यापुढे आहे ना?"

"हो, पण चपला तुमच्याच आहेत, साहेब."

"असल्या तरी एका बाजूकडून मी काही घेत नाही."

नेमके समोरून विरुद्ध बाजूचे सावंत वकील आले. हा माणूस तारखा मागण्यात पटाईत. साहेबांनी त्यांनाच विचारलं, "मी यांच्याकडून चपला घेतल्या तर तुमची हरकत आहे?"

सावंत गंभीर झाले. "अशिलाला विचारून सांगतो, साहेब. पुढची तारीख मिळावी."

साहेबांनी सवयीने मान हलवली आणि अनवाणीच घरी गेले. चपला अजून माझ्या स्कूटरच्या डिकीत आहेत.