सरी म्हणाले म्हणून

नको, नको, त्या खुर्चीवर नका बसू अक्का—तिथं वांग्याचं बी वाळत घातलंय. ह्या स्टुलावर बसा. गाडी खाली थांबली असेल तर थांबू दे की, चामराजपेटेत सगळ्यांच्याच गाड्या थांबलेल्या असतात, त्यात तुमची एक. बॅग भरलीय, ती बघा दाराशी. औषधं वरच्या कप्प्यात. हे पण तयार आहेत, दाढी केली सकाळी. मीच तेवढी—तसं नाही, मी पण तयार आहे, बी पेरायचं एवढं एक खोकं संपवते आणि मग न्या त्यांना तुमच्या केंद्रात. काय आहे, रथसप्तमी होऊन गेली. आता बी मातीत पडायलाच पायजे. आमच्या समोर पुण्याचं एक जोडपं राहायला आलंय, ती मुलगी म्हणते, काकू, बेंगळुरात कुठं वसंत असतो? असतो की! बघायला पायजे. पौषात ह्या गॅलरीत ऊन यायला जेवायची वेळ व्हायची, समोरची बिल्डिंग आडवी येते ना—आता चहाबरोबरच येतंय. कोपऱ्यावरच्या झाडाला पान एक नाही, नुसती गुलाबी फुलं. आज बी घातलं की पाडव्याला रोपं कुंडीत लावण्याएवढी होतात. ह्यांच्या गावाकडं, निपाणीला, ह्याला तरू टाकणं म्हणतात. तुम्ही खानापूरच्या, तुम्हाला काय सांगायचं.

हे कोकोपीट बघा, विटेसारखं मिळतं, बादलीत टाकलं की पाणी पिऊन पिऊन असं फुगतं. हात घालून बघा—घाला की, धुवायला पाणी आहे. गार लागतं ना? आणि वास? पहिल्यांदा हे असलं काही आणलं तेव्हा मी म्हटलं होतं, नारळाच्या भुश्यात कुठं बी उगवतं का? शेण नाही, माती नाही! पण उगवतं, आणि छान उगवतं. टोमॅटो उतावळा, चार-पाच दिवसांत हजर. वांगं सावकाश. मिरची म्हणजे बोलावून बोलावून दमवणारी पाहुणी, आपण आशा सोडली की येते. आणि येताना काय मजा असते—आधी मान येते वर, वाकलेली, डोकं मातीतच. मग डोकं उपसून काढतं ते, आणि कधीकधी बियाचं टरफल तसंच टोपीसारखं डोक्यावर! ते नखानं काढायचं नाही हं, कोवळी पानं तुटतात. नुसतं पाणी शिंपडायचं. रोज सकाळी दात घासायच्या आधी येऊन बघायचं, आलं का, आलं का. दोघं पण बघायचो, मी आधी का हे आधी. आनंद असतो ओ त्यात. मला आत्ता होत नाही, पण असतो.

आत्ता म्हणजे—दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासनं. वाईट वाटतं का म्हणून सगळे विचारतात. वाटायला पायजे खरं. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, आपलाच असतो पण आपला नसतो, तसं आहे काहीतरी. स्वयंपाक होतो, कपडे होतात. बी घालायचं पण तसंच चाललंय. ह्यांचा उजवा हात गेला, आणि माझा डावा हा असा पट्ट्यात—संक्रांतीला ह्यांना न्हाणीतनं उठवताना दोघं पण पडलो. ह्यांना काही नाही झालं, मी खाली होते ना. म्हणजे घरात माणसं दोन आणि हात पण दोनच. म्हणून खोकं ह्यांच्या मांडीवर. हे डाव्या बोटानं रेघ ओढतात, मी उजव्यानं बी सोडते, परत हेच माती ओढून घेतात. बघा, बघा आता—अशी ओढायची. एका हातानं खोकं धरून त्याच हातानं रेघ ओढून दाखवा बघू! एकट्यानं जमत नाही ते. मी करून बघितलंय, गेल्या आठवड्यात, हे झोपले होते तेव्हा. पुढं लागेल म्हणून. सगळं सांडलं.

ऐकलंत? सरी म्हणाले. तेवढंच म्हणतात. बाकी सगळं गेलं, माझं नाव गेलं, मुलाचं, अभिराजचं गेलं, हा एक शब्द राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द चिकटून राहतो. आता कुठली सरी ते मला सांगा. कन्नडातली? आयुष्यभर ह्यांनी छापखाना चालवला, उदबत्तीची लेबलं छापायचे, दिवसभर गिऱ्हाइकाला सरी सरी, बरं बरं, होईल होईल. अभिराज म्हणतो तीच. का आमची शेतातली, नांगरानं पाडतात ती, पाणी सोडायची? कारण रेघ ओढली की म्हणतात ते, बघितलंत तुम्ही. मला वाटतं हीच. पण मग डाळीत मीठ नसलं तरी सरी. पाय दुखला, कपाळावर आठ्या आल्या, तरी सरी. परवा पंखा बंद पडला, त्याला पण म्हणाले. तेव्हा ती कुठली होती?

तेच तर. अभिराजनं व्हिडिओवर विचारलं—तो इलेक्ट्रॉनिक सिटीला राहतो, इथंच म्हणायचं, पण ट्रॅफिक असं की निपाणी जवळ. वाईट नाही हं तो, माझा हात मोडला म्हणून घाबरलाय. त्यानं विचारलं, अप्पा, तिकडं नर्स असतील, व्यायाम असेल, जाणार ना? आणि हे म्हणाले, सरी. झालं! आई, अप्पा हो म्हणाले बघ. तुमच्या मॅनेजरसाहेबांनी पण फोनवर विचारलं, त्यांना पण सरी. ते म्हणाले, पेशंटची स्वतःची तयारी आहे, फार छान, बहुतेक लोक त्रास देतात. मी तिथंच होते, फोन मीच धरलेला. म्हणू शकले असते ना, की अरे, त्यांना विष देऊ का विचारलंस तरी हेच म्हणतील? नाही म्हटलं. फोन ठेवला, जेवले, आणि त्या रात्री मला झोप लागली अक्का, कितीतरी दिवसांनी, गाढ. हे तुम्ही अभिराजला सांगू नका. कुणालाच नका सांगू. मी पण तुम्हाला कशाला सांगितलं कोण जाणे, मराठी बोलणारी बाई पाठवा म्हटलं होतं ते ह्यांच्यासाठी.

झालं, हे शेवटचं, मिरचीचं. ओढा हो रेघ. ओढा ना. थांबले बघा. तुमच्याकडं बघतायत. ओळख करून द्या की तुमची, असं मुकाट्यानं न्यायचं का माणसाला? आणि एक करा—तुम्ही विचारा त्यांना. मी नाही विचारत, मी आणि अभिराज घरचे, आमच्या तोंडाकडं बघून म्हणतात म्हणू. तुम्ही परक्या. वाका स्वल्प, डाव्या बाजूनं. सरळ विचारा: काका, घर सोडून आमच्याकडं येताय का? हं.

काय म्हणाले?

मला इकडं ऐकू नाही आलं. काही नाही म्हणाले? असं कसं, ते म्हणतातच. परत विचारा. जरा मोठ्यानं. काका, येताय का... हे बघा. बघा, ओठ कसे मिटलेत. औषधाला पण असे मिटत नाहीत कधी. अहो? अहो, इकडं बघा, माझ्याकडं. ह्या बाई काय विचारतायत? जायचं का तिकडं?

...

उठा अक्का. नाही, मी बरी आहे, बसत नाही मी. तुम्ही उठा. गाडी न्या तुमची. मॅनेजरसाहेबांना म्हणावं, पेशंटची तयारी नाही, त्यानं स्वतः सांगितलं. काय सांगितलं ते तुम्ही बघितलंय, तुमच्या समोर झालंय. उचलायला माणूस लागेल तर तो इथं ठेवू, घरी, अभिराजला म्हणते शोध. माझा हात काय, बरा होईल. नाही, नाही, बॅगेला हात लावू नका! राहू दे तिथं. तुम्ही जावा. मला आता काही बोलता येत नाही, मला रडायचंय, आणि तुमच्यासमोर नाही रडायचं. जावा म्हटलं ना.