ओलं धुणं

बोलिव्हियातल्या एल आल्तो शहराच्या बसअड्ड्यावर, जनगणनेच्या आदल्या दिवशी, माझ्यापुढं रांगेत सातुर्निना मावशी आणि तिची भाची विल्मा उभ्या होत्या.

“मावशी, आपण राहतो इथं शहरात. मग गावी जाऊन मोजून कशाला घ्यायचं?”

“डोकी कमी भरली तर गावाला निधी कुठला? शाळेला कुलूप लागेल.”

“बरं, पण ह्या गाठोड्यात काय आहे एवढं?”

“धुणं. ओलंच आणलंय. अंगणात कपडे वाळताना दिसले, की मोजणीवाल्याला घर नांदतं वाटतं.”

“अगं, ही तर काकांची विजार! त्यांना जाऊन चार वर्षं झाली.”

“विजार अजून धडधाकट आहे.”

“मावशी!”

“मागच्या वेळी गावातली सगळी डोकी मोजली गेली, म्हणून तर गावाला रस्ता मिळाला.”

“हो, आणि त्याच रस्त्यानं अख्खं गाव शहरात आलं.”

“सामानाचा पहिला ट्रक तुझाच होता.”

“आणि दुसरा तुझा! मग आता ह्या खेपेला काय मागायचं?”

“गावाला फाटक. कडी बाहेरून.”

“म्हणजे आत गेलेला परत शहरात येणार नाही?”

“नाही.”

“आणि तू कुठल्या बाजूला राहणार?”

“रांग सरकली बघ. चल पुढं.”