शुभंकरअण्णाचं माफीपत्र

हे तुम्हाला सांगायचं नाही असं आईनं बजावलंय, गोदूअक्का — पण तुम्ही कोर्टाच्या या बाकावर बसून ते माफीपत्र पुन्हा उघडलंत म्हणून — नाही, उठू नका, पायाला ताण नको, मी उभीच बरी. ते पत्र माझ्या भावानं लिहिलेलं नाही. मी लिहिलंय. शुभंकरअण्णाला मराठी लिहिता कुठं येतं? घरात बोलतो तेवढंच — शाळेत कन्नड आणि इंग्लिश; मला मात्र आजोबांनी बाराखडी गिरवायला लावली. प्रोबेशनच्या बाईच म्हणाल्या, शिक्षा ठरवण्याआधी जज्जसाहेब तुमचं ऐकणार आहेत, तर त्यानं तुमच्या घरच्या भाषेत माफी मागावी, स्वतःच्या शब्दांत. बाई गेल्या नि आईनं वही माझ्यापुढं ठेवली. अण्णानं फक्त सही केली. बघा ना, सही इंग्लिशमध्ये आहे.

तुम्ही आत सांगणार आहात ना, पोराला पस्तावा झालाय, तुरुंगात घालू नका म्हणून? बाईंनी रिपोर्टात तसंच लिहिलंय — पत्र वाचून तुम्ही रडलात, हेसुद्धा. तेव्हापासून मला जेवण जात नाही. म्हणजे त्याला पस्तावा नाही असं नव्हे — आहे, स्वल्प वेगळा आहे — त्यानं इंग्लिशमध्ये दोन ओळी लिहिल्या होत्या, फाडल्या. का फाडल्या? कारण तुम्हाला स्कूटरचा धक्का लागल्यावर न थांबता का गेलास, हे लिहावं लागलं असतं. मी काय लिहिलंय, 'तुम्ही रस्त्यावर पडून हात वर केलात, तो हात मला अजून दिसतो' — पुढं बघून स्कूटर पळवणाऱ्याला तो कसा दिसेल, अक्का? मागं मी बसले होते. पोलिसांना माहीत नाही, त्यानं माझं नाव काढलंच नाही. तो थांबत होता — ब्रेक दाबला होता — मीच त्याचा शर्ट ओढला, म्हटलं, अण्णा, थांबू नको, माझी परीक्षा आहे. परीक्षा. तुमचं शिलाईचं मशीन पायाचं, ते बंद पडून आहे, हे मला नंतर कळलं.

असं बघू नका ना. पत्र खोटं नाही, त्यातला शब्द नि शब्द खरा आहे — फक्त तो त्याचा नाही. आता तुम्ही माफ केलंत तर कुणाला केलंत — आणि नाही केलंत तर आत तो जाणार, मी घरी — तुम्हालाच पुकारताहेत, अक्का, ही काठी घ्या. जज्जसाहेबांनी विचारलं तर सांगून टाका, की त्या दिवशी मागं — आले, आई.