लाल पदर

अवं, डोंगरगडची गंमत सांगतली का तुमाले? तवा भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता, अन् आमचे हे चरोद्याच्या रेल्वे यार्डातून मालगाडी चालवत. मी म्हटलं, बायांसंगं देवीचा डोंगर चढते. हे हसले, "तू? अर्ध्यातूनच वापस येशील. वर पोचली तं पदर हलवजो, मी खालून गाडी घेऊन जाईन."

खड्या चढणीनं जीव काढला, पण खाली रूळ दिसत होते अशा एका खडकावर पहिली मीच पोचली. खाली ह्यांची गाडी दिसली. मी पदर जोरानं हलवला. गाडी करकचून थांबली!

संध्याकाळी हे तणतणत आले, "लालच लुगडं कावून नेसली? लाल हललं का थांबावंच लागते मले!"

म्हटलं, "घरात तुम्ही माझ्या बोलण्याले कधी थांबत नाही. आज मालगाडीसकट थांबले!"