शपथेचं जाकीट

...आणि वर मलाच विचारतात, "दौलतकाका, तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?" अहो, मला बोलता आलं असतं तर हे सगळं झालंच नसतं. तुम्हाला सांगतो, मी मुळात कमी बोलणारा माणूस. शिंदे की छावनी म्हणून मोहल्ला आहे, तिथे माझं शिंप्याचं दुकान. एक मशीन, एक आरसा, भिंतीवर एक टीव्ही. शाळा पाहिली चौथीपर्यंत. आजोबा पलटणीची वर्दी शिवायचे, वडील लग्नाच्या शेरवान्या, आणि मी पन्नास वर्षं जाकिटं शिवतोय. माप घेताना तोंडात टाचण्या. तोंडात टाचण्या धरून माणूस बोलणार काय? तीच सवय लागली. आता टाचण्या काढल्या तरी तोंड उघडत नाही.

तर शपथेचं जाकीट. भोपाळहून मंत्रिपदाचा फोन येतो तो आदल्या रात्री. सकाळी शपथ. रात्रीत जाकीट कोण शिवून देणार? म्हणून ज्याला थोडीफार आशा असते तो मतमोजणीच्या आधीच शिवून ठेवतो. गुपचूप. आणि आमच्या वडिलांचा नियम असा, की एका निवडणुकीत शपथेचं जाकीट एकाच माणसाचं शिवायचं. ते म्हणायचे, एका मुहूर्तावर दहा नवरदेवांच्या शेरवान्या शीव, पण खुर्चीची आशा दोघांना एका हातानं शिवू नको, दोघांची उसवते. मी तो नियम पाळला. योगायोग बघा, गेल्या दोन वेळा मी ज्यांचं शिवलं ते दोघेही मंत्री झाले. माझा त्यात काय हात? पण लोक म्हणायला लागले, दौलतसिंह मास्तरला आधी कळतं. मी काही बोललो नाही. मी बोललो नाही म्हणजे खरंच असणार, असं ठरलं.

यंदा जाकीट दिनकररावांचं. आमच्याच भागातले उमेदवार, जुने गिऱ्हाईक. माप द्यायला आले आणि आरशात बघत म्हणाले, "मास्तर, मंत्री झालो की पहिली सही तुमच्या सोनिकाच्या बदलीवर." मी एवढंच विचारलं, "गळा बंद ठेवू ना?"

सोनिका माझी मुलगी. एकुलती. सहा वर्षं झाली, डिंडोरी जिल्ह्यात एका गावी सरकारी शाळेत शिकवते. इथून रात्रभर रेल्वेनं जबलपूर, मग बस, मग दुसरी बस, मग पायी. जावई, तरुण नाव त्याचं, इथेच शहरात जयेंद्रगंजला, ती तिकडे. बदलीचा अर्ज चार वेळा केला. चारही वेळा उत्तर एकच, विचाराधीन. सासरचे वाईट नाहीत, पण त्यांनी आता सांगून टाकलंय, मार्चपर्यंत बदली झाली तर ठीक, नाही तर राजीनामा देऊन घरी ये. ती राजीनामा द्यायला तयार आहे. मी नाही तयार. आमच्या सात पिढ्यांत तलवारी झाल्या, सुया झाल्या, पण फळ्यावर खडू चालवणारी ही पहिली. ती कॉलेजला होती तेव्हा मी रात्री दोनदोन वाजेपर्यंत मशीन चालवलंय. ते सोडून द्यायचं?

आणि एक सांगतो, हसू नका. दिवाळीला तिच्यासाठी ब्लाउज शिवून पाठवला, जुन्या मापानं. ती म्हणाली, छान बसला. तिच्या आईनं, विजयाबाईंनी, मोबाईलवर तिला बघितलं आणि मला म्हणाल्या, "अहो, खांद्यावरून घसरतोय." आमच्या अख्ख्या लष्कर भागातल्या छात्या मी डोळ्यांनी मोजतो, आणि माझी मुलगी किती वाळली ते मला ठाऊक नाही. मी मशीनला तेल घातलं.

आता खरी चूक ऐका. मतदानाच्या चार दिवस आधी समरजीत आला. शेजारच्या मतदारसंघाचा, दिनकररावांच्याच पक्षाचा, वय काही फार नाही. पाया पडला. म्हणाला, "काका, माझा नंबर लागायचा नाही, मालूम आहे. पण एक जाकीट शिवून ठेवा ना. आईची हौस आहे." आता ह्याला काय सांगायचं? वडिलांचा नियम सांगितला तर समजणार की दिनकररावांचं घेतलंय, आणि गिऱ्हाइकाचं गुपित फोडणं म्हणजे... मी गळ्यातला टेप काढला आणि खिळ्याला अडकवला. पोरगं समजदार. थोडं थांबलं, म्हणालं, "कोई बात नहीं काका, लगीनसराई आहे, तुम्हाला फुरसत नसेल." गेला. विजयाबाई पडद्याआडून म्हणाल्या, "एवढ्या गोड पोराला मना केलंत?" मी म्हटलं, नियम आहे. त्या म्हणाल्या, "नियम तुमच्या वडिलांचा. मुलगी तुमची."

मतमोजणीच्या दिवशी सकाळी सातलाच दुकान भरलं. थंडी अशी की कात्री हातात धरवत नव्हती. पहिले आले कृष्णराव, कलेक्टर कचेरीतून रिटायर झालेले. त्यांचे पूर्वज दरबारात कारकून होते, त्यामुळे राज्य कसं चालतं हे रक्तात आहे असं ते स्वतः सांगतात. आल्याआल्या माझी मापाची वही ओढली आणि मागच्या पानावर मंत्रिमंडळ लिहायला बसले. अजून एक मत मोजलं नव्हतं. "हे बघा दौलतराव, आपल्या भागाला दोन जागा. एक जुना माणूस, एक बाई. जुना म्हणजे दिनकरराव. खातं शालेय शिक्षण. का? मागे त्यांनी शाळेत गणवेश वाटले होते." म्हटलं, गणवेश वाटल्यावर शिक्षण मिळतं? तर म्हणाले, "राजकारणात तुम्हाला काय कळतं, तुम्ही शिवा."

दुसरा आला मोहित, गल्लीतलाच, मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवतो. मोबाईल थेट माझ्या नाकासमोर. "काका, बस इतना बता दो, इस बार जैकेट किसकी है? फक्त नाव सांगा, बाकी मी संभाळतो." मी काही बोललो नाही. तेवढ्यात माझी नजर सुई शोधायला वर फळीकडे गेली. झालं. दहा मिनिटांत व्हिडिओ, 'टेलर मास्टर की चुप्पी, ऊपर से आया इशारा'. अकरा हजार लोकांनी बघितला. लोक माझं गप्प बसणं बघतात हो, आणि खाली भांडतात.

मग मोजणी सुरू. पक्षाचं काय, पक्ष दहा वाजताच सुटला पुढे, फटाके वाजायला लागले. समरजीत पहिल्या फेरीपासून पुढे. आणि आमचे दिनकरराव पहिल्या फेरीत मागे, दुसऱ्या फेरीत मागे, पाचव्या फेरीत दोन हजार एकशेनं मागे. माझ्या हातात एका नवरदेवाची शेरवानी, सुईत दोरा जाईना. सोनिकाचा फोन, तास संपला की एक. "बाबा, कितवी फेरी?" "सहावी." "किती मागे?" "थोडे." थोडे म्हणजे अठराशे. आतून विजयाबाईंचा आवाज, "खरं सांगा तिला." नवव्या फेरीला कृष्णरावांनी वहीतून दिनकरराव खोडले. अकराव्या फेरीला नऊशेवर आले, तर परत लिहिले. मग वीज गेली. मोहितच्या मोबाईलवर सहा डोकी. तो म्हणतो, "सर्वर बिझी है." कृष्णराव म्हणतात, "आमच्या वेळी कागद मोजायचे, कागद बिझी नसायचे." मधल्या सुट्टीत सोनिकाचा फोन. काही विचारलंच नाही तिनं. नुसती धरून बसली. मागे मुलांचा गोंगाट, पातेल्यावर पळी आपटल्याचा आवाज. मीही धरून बसलो. मुलगी माझ्यावर गेलीय.

सतराव्या, शेवटच्या फेरीला दिनकरराव निवडून आले. तीनशे बारा मतांनी. दुकानात लोकांनी मला उचललं. मला का? मी उभा तरी होतो का निवडणुकीला? पण उचललं, आणि माझं डोकं पंख्याच्या पात्याला लागलं. थंडीमुळे पंखा बंद होता म्हणून वाचलो.

आता तुम्ही म्हणाल संपलं. छे हो. त्यानंतर अकरा दिवस मंत्रिमंडळच नाही. रोज कृष्णराव येणार, रोज नवी यादी. माझ्या मापाच्या वहीत मापं कमी आणि मंत्री जास्त झाले. एका माणसाची पँट मी अर्थखात्याच्या उंचीनं कापणार होतो, थोडक्यात वाचली. विजयाबाईंनी सोमवार धरला, मग गुरुवारही धरला. म्हटलं, शुक्रवार तरी जेवा. "तुम्ही जेवा," म्हणाल्या, "तुमचा नियम आहे ना." त्या दिवसांत माझ्याशी एवढंच बोलल्या.

अकराव्या रात्री दिनकररावांना फोन आला. सकाळी टीव्हीवर शपथ. जाकीट असं बसलं होतं, तुम्हाला काय सांगू, माणूस मागे आणि जाकीट पुढे. आणि त्यांच्या मागोमाग कोण? समरजीत. तोसुद्धा मंत्री. अंगात तयार घेतलेलं जाकीट, गळ्यापाशी उभं राहिलेलं, खांद्यात ओढलेलं. मला बघवेना. कृष्णराव म्हणाले, "चालतंय, त्याला काही तरी फुटकळ देतील."

दोन दिवसांनी खाती जाहीर झाली. कृष्णरावांनी मोठ्यानं वाचलं. "दिनकरराव..." आणि थांबले. चष्मा पुसला. "दिनकरराव, मत्स्यव्यवसाय." मी विचारलं, आणि शाळा? त्यांनी खाली बघत वाचलं, "शालेय शिक्षण, समरजीत." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "मला आतून वाटतच होतं."

दिनकररावांचा फोन आला, माणूस शब्दाचा पक्का. "मास्तर, सही करायला पेन उघडून बसलोय. तुमच्या सोनिकाच्या शाळेजवळ तलाव आहे का?" मी सोनिकाला विचारलं. ती हसली, पुष्कळ हसली, आणि मग म्हणाली, "बाबा, राहू द्या आता. मार्चमध्ये येते घरी." हे ती इतक्या हळू म्हणाली की मी रात्रभर कुशीवर कुशी बदलत होतो.

सकाळी टेप घेतला आणि गेलो. फूलबागेपाशी समरजीतचा सत्कार होता, माणसांची रीघ, हार, अर्ज. माझ्या हातात काहीच नव्हतं, म्हणून असेल, त्यानं मलाच आधी बोलावलं. म्हणालो, "जाकीट खांद्यात ओढतंय तुमचं." तो म्हणाला, "काका, तुम्ही आलात, आता शिवाच." हात पसरून उभा राहिला. आता बघा, छातीचं माप घेताना शिंप्याचं तोंड गिऱ्हाइकाच्या कानापाशी जातं. मंत्र्याच्या कानापाशी. एवढ्या जवळ तर त्याचा सेक्रेटरीही जात नसेल. तोच कुजबुजला, "काका, काही काम होतं का?" मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, "बेचाळीस."

घरी आलो तर विजयाबाईंनी कपाळाला हात लावला नाही, आरडाओरडा केला नाही. आत गेल्या, सोनिकाच्या अर्जाची प्रत घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवली. "तुम्ही बोलू नका. तुमच्यानं व्हायचं नाही. तुम्ही शिवा. जाकिटाला आतला खिसा असतो ना? त्यात ठेवा. घालेल तेव्हा हात जाईलच."

पन्नास वर्षांत असं काम केलं नव्हतं. आतला खिसा डाव्या बाजूला, अर्जाच्या मापाचा, अस्तर रेशमी, कागद चुरगळू नये म्हणून. चार घड्या घालून ठेवला. तीन दिवसांनी ट्रायलला नेलं. बसलं, एक सुरकुती नाही. समरजीत आरशात बघून म्हणाला, "काका, कमाल. आईला फोटो पाठवतो. बोला, काय देऊ?" समोर उभा, हसरा, खरोखर विचारत होता. मी म्हणालो, "थंडी आहे. वरचं बटण लावून ठेवा." म्हटलं, खिसा बोलेल. संध्याकाळी तो भोपाळला गेला, जाकीट घालूनच.

टेम्पोत बसलो, छावनीच्या वळणापर्यंत आलो, आणि एकदम आठवलं. आम्ही शिंपी लोक नव्या जाकिटाचे खिसे कच्च्या टाक्यानं बंद करून ठेवतो, आकार बिघडू नये म्हणून. गिऱ्हाइकाला देताना तोंडानं सांगायचं असतं, टाका उसवून घ्या. तो टाका मी घातला होता. हातानं आपोआप घातला. आणि सांगायचं... मी काही बोललो नाही.

आता रोज टीव्ही बघतो. समरजीत शाळेचं उद्घाटन करतो, बक्षिसं वाटतो, तेच जाकीट, त्याला आवडलंय फार. फोन करा म्हणतात सगळे. अहो, समोरासमोर जमलं नाही, ते फोनवर जमेल मला? काल सोनिकानं विचारलं, "बाबा, अर्ज पोचला का हो मंत्र्यांपर्यंत?" म्हटलं, पोचला बेटा, अगदी काळजाला टेकलाय त्यांच्या. नुसता एक टाका उसवायचा राहिलाय.