टाचा आणि कठडा

दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीबाहेर बसलेल्या दोघींचं बोलणं एक्स-रेसाठी थांबलेल्या एका बाईंच्या कानावर पडत होतं. थोरलीच्या अनवाणी तळव्याला रुमाल बांधला होता. धाकटीच्या पायात ढगळ, सपाट चपला होत्या.

"फार दुखतंय का, ताई?"

"दुखणारच. लोखंडी जिन्याचा पत्रा लागलाय."

"माझ्या सँडलची उंच टाच जिन्याच्या जाळीत अडकली नसती तर..."

"ऑफिसला आग, मागून धूर, पुढे तू पुतळ्यासारखी! दिल्या काढून चपला. तुला काय अनवाणी उतरवायचं?"

"तुम्ही उतरलात ना!"

"मी एकटी होते. तुम्ही दोघं होतात."

"अगंबाई! तुम्हाला कसं कळलं? नोकरी कायम होईपर्यंत कुणाला संशय नको, म्हणून तर मी उंच टाचा सोडल्या नाहीत."

"हल्ली कठडा धरून जिना चढतेस. मीही दोनदा धरलाय तो, दोन्ही बाळंतपणांआधी."

"ताई, तुम्ही नसतात तर..."

"रडू नको. उद्या साहेबांना सांगून टाक. मी येते सोबत."

"लंगडत?"

"लंगडत. तू मात्र सपाट चपलांत ये."

"या परत कधी देऊ?"

"बाळ चालायला लागलं की."

आतून हाक आली. धाकटी आधी उठली आणि तिने खांदा पुढे केला.

"सावकाश, ताई. आता मला धरा."